दगड घासणाऱ्यांचा इतिहास कोण लिहिणार?

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

वर्गात उत्तर आले नाही की “अगदीच दगड आहेस” असा शेरा आपल्याकडे सर्रास मिळतो. ज्याला दया नाही त्याचे काळीज दगडाचे, ज्याला अक्कल नाही त्याच्या डोक्यात धोंडे भरलेले, आणि दोन वाइटांतून एक पत्करायचे झाले तर दगडापेक्षा वीट मऊ! दगडाची इतकी अवहेलना मराठी माणसाने का करावी हे एक कोडेच आहे. आपला सारा मुलूखच दगडाचा. अंबडात कोठेही उभे राहा. मत्स्योदरी देवीची टेकडी काळ्या दगडाची, अहिल्यादेवींचे नाव जिच्याशी जोडले गेले आहे त्या बारवेच्या पायऱ्या काळ्या दगडाच्या, पडक्या वाड्यांची जोती काळ्या दगडाची. आणि जी गोदावरी आपल्या तालुक्याच्या दक्षिणेने वाहते, तिच्या खोऱ्यात माणसाने पहिल्याने बुद्धी चालविली ती दगडावरच. जी वस्तू आपण मूर्खपणाची खूण म्हणून वापरतो ती वस्तुतः माणसाच्या शहाणपणाचा आपल्याजवळ असलेला सर्वांत जुना पुरावा आहे.

मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. तीन वर्षे या विषयाची पुस्तके चाळली. आपल्या भागाचा इतिहास म्हटला की पैठणचे सातवाहन, देवगिरीचे यादव, मग बहामनी, निजामशाही, मराठे, होळकर, हैदराबादचा निजाम आणि १९४८ चा मुक्तिसंग्राम, अशी गाडी ठरलेल्या स्टेशनांवर थांबत थांबत जाते. यांपैकी कोणाचेही महत्त्व कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण ही सारी मंडळी मिळून झाली किती वर्षे? सव्वादोन हजार. त्याआधीच्या लाखो वर्षांची बोळवण ‘त्या काळी मानव दगडाची ओबडधोबड हत्यारे वापरीत असे’ या एका वाक्यात होते. परीक्षेला तो भाग दोन गुणांच्या टिपेपुरता. त्यामुळे आपण तो वाचतो, लिहितो आणि विसरतो. ‘ओबडधोबड’ हा शब्द ज्याने प्रथम वापरला त्याने आयुष्यात एकदा तरी दगड फोडून पाहिला होता काय, असा प्रश्न मला पडतो.

आता आपल्या अंगणातच काय घडले आहे ते पाहा. १८६३ च्या मे महिन्यात मद्रासजवळ पल्लावरम येथे रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाला दगडी हत्यार सापडले आणि भारतातही अश्मयुग होऊन गेले हे विद्वानांना पटू लागले, एवढे आपण पाठ करतो. पण त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १८६५ साली, त्याच भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यातल्या वाइन नावाच्या अधिकाऱ्याला पैठणजवळच्या मुंगी येथे, गोदावरीच्या जुन्या थरात, अकीकाचा एक घडविलेला छिलका मिळाला. टॉमस ओल्डहॅम यांनी १८६८ मध्ये त्यावर टिपण प्रसिद्ध केले. मुंगी-पैठण हा जोडशब्द आपण निंबार्काचार्यांच्या परंपरेमुळे ऐकलेला असतो. परंतु तो छिलका, बोटभर दगडाचा तो तुकडा, भारतातील अश्मयुगाच्या अगदी पहिल्या शोधांपैकी एक आहे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मुंगी येथून काही फार लांब नाही. शहागडच्या पुलाखालून जे पाणी जाते ते आधी मुंगीवरूनच आलेले असते.

पुढची हकीगत प्रवराकाठची. डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया आणि त्यांच्या डेक्कन कॉलेजच्या सहकाऱ्यांनी नेवासे येथे १९५४ पासून उत्खनन केले. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या गावाच्या मातीत त्यांना लक्षावधी वर्षांच्या पुराश्मयुगापासून मराठेशाहीपर्यंतचे थर मिळाले. छिलक्यांवर घडविलेल्या तासण्या आणि टोचण्या ज्यात आहेत अशा मध्य पुराश्मयुगीन हत्यारांच्या एका संपूर्ण परंपरेला नेवाशाच्याच नावावरून ‘नेवासियन’ असे नाव मिळाले. नेवाशाजवळच चिरकी येथे गुड्रुन कॉर्व्हिनस या जर्मन विदुषीने १९६६ ते १९६९ या काळात खणून त्याहून कितीतरी जुन्या हातकुऱ्हाडी उजेडात आणल्या. त्यांचे वय साडेतीन लाख वर्षांहून अधिक ठरते. जर्मनीची एक बाई येऊन आपल्या नदीच्या काठी उन्हातान्हात तीन वर्षे दगड वेचते, आणि आपण नेवाशाला जातो ते पैस खांबाचे दर्शन घेऊन उसाचा रस पिऊन परततो! दर्शन जरूर घ्यावे, रसही प्यावा. पण नदीकडेही एकदा पाहावे, एवढेच माझे म्हणणे.

हे झाले फोडून, छिलून केलेल्या हत्यारांचे. माझा खरा जीव जडला आहे तो घासून केलेल्या हत्यारांवर. नवाश्मयुग म्हणजे शेतीचे युग असे आपण शिकतो. पण शेती करायची तर आधी रान मोडले पाहिजे, लाकूड तोडून घर उभारले पाहिजे. या कामाला नुसता फोडलेला दगड पुरा पडत नाही. फोडलेल्या दगडाची धार वस्तऱ्यासारखी असते, परंतु ती लाकडावर जोराने आपटली की कपचे उडतात. धार घासून गुळगुळीत केली म्हणजे तिच्यावरचे खाचखळगे जातात. जिथून तडा सुरू व्हायचा ती जागाच उरत नाही. धार थोडी बोथट असते, पण टिकते. आणि बोथटली तर पुन्हा घासता येते. माणसाने हे कोठल्या पुस्तकात वाचले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या हात भाजून, बोटे ठेचून तो या निर्णयाला आला. डेन्मार्कमध्ये १९५० नंतरच्या दशकात काही संशोधकांनी जुन्याच दगडी कुऱ्हाडींना नवे दांडे बसवून जंगल तोडून पाहिले. तिघा माणसांनी चार तासांत सुमारे पाचशे चौरस मीटर रान मोकळे केले. सुमारे चार हजार वर्षे जिला कोणी धार लावली नव्हती अशा एका पात्याने शंभराहून अधिक झाडे पाडली. याला ओबडधोबड म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे.

ही कुऱ्हाड कशी होत असे? प्रथम योग्य दगडाचा ढेपा निवडायचा. मग दुसऱ्या दगडाने घाव घालून त्याला साधारण आकार द्यायचा. पुढची पायरी ठोकण्याची: टोकदार दगडाने अंगभर बारीक टोचे मारीत उंचवटे उतरवायचे. जाते टाकवताना आपल्याकडे जसे टाकीचे बारीक घाव घालतात अगदी तसे. आणि शेवटी वाळू व पाणी घालून, मोठ्या खडकावर, मागे-पुढे, मागे-पुढे, घासत बसायचे. एकाच जागी शेकडो कुऱ्हाडी घासल्या गेल्या की त्या खडकालाच लांबट पन्हळी पडतात. युरोपात असे खडक पुष्कळ आहेत. फ्रान्समध्ये अशा एका दगडाला लोक ‘दहा बोटांचा दगड’ म्हणतात. कोणाची तरी बोटे त्यात रुतली, अशी समजूत. आपल्याकडे खडकातल्या प्रत्येक खळग्याला सीतेची न्हाणी आणि भीमाचे जाते म्हणतात, त्याचाच हा फ्रेंच भाऊ!

आपल्या बाजूचे असे सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे कर्नाटकातील बळ्ळारीजवळचे संगनकल्लू आणि त्याच्या शेजारची कुपगलची टेकडी. टेकडी ग्रॅनाइटची, आणि तिच्यातून गेलेली डोलेराइटची काळी भिंत. काळ्या दगडाची कुऱ्हाड घडवायची आणि शेजारच्या ग्रॅनाइटवर घासायची. कच्चा माल आणि सहाण दोन्ही निसर्गाने एकाच जागी मांडून ठेवलेली. गेल्या शतकाच्या आधीच, १८८० नंतरच्या दशकात, ही जागा युरोपीय अधिकाऱ्यांच्या नजरेस आली आणि ब्रूस फूट यांनी तिच्यावर लिहिले. १९४६ ते १९४८ या काळात सांकळियांचे शिष्य बी. सुब्बाराव यांनी तेथे उत्खनन केले. अलीकडे रवी कोरीसेट्टर आणि त्यांच्या देशी-परदेशी सहकाऱ्यांनी हिरेगुड्डा येथे कुऱ्हाडींचा कारखानाच्या कारखाना उलगडून दाखविला. इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकात तेथे कुऱ्हाडी घडत होत्या, त्या केवळ स्वतःच्या गरजेपुरत्या नव्हेत. त्या दूरवर जात असल्या पाहिजेत असे अभ्यासक मानतात. तेथल्या काही शिळांवर दगडाने आघात केला की घंटेसारखा नाद निघतो, आणि त्या शिळांवर हजारो आघातांच्या खुणा आहेत. म्हणजे काम करता करता ही मंडळी वाजवीतही होती! काम आणि गाणे यांची फारकत बहुधा आपण नंतर केली.

बळ्ळारी कर्नाटकात आहे, तिचे आम्हांला काय, असे कोणी म्हणेल. तर मित्रहो, बळ्ळारीला लागून असलेला रायचूर जिल्हा आणि आपला अंबड तालुका १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. त्याच रायचूर जिल्ह्यातील लिंगसुगूर येथे १८४२ सालीच डॉ. प्रिमरोझ यांना दगडी हत्यारे मिळाली होती, आणि पिकलीहाळ येथील ऑल्चिन यांच्या १९५२ च्या उत्खननाचा अहवाल हैदराबादनेच छापला. पण राज्यांच्या सीमा राहू द्या. नेवाशाच्या ताम्रपाषाणयुगीन घरांत, तांब्याच्या वस्तूंबरोबर, डोलेराइटच्या घासून ओपवलेल्या कुऱ्हाडी निघाल्या आहेत, आणि त्यांचे नाते अभ्यासकांनी दक्षिणेकडील या नवाश्मयुगीन लोकांशी जोडले आहे. नेवासे सरळ रेषेत येथून शंभर किलोमीटरच्या आत.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे ‘निव्वळ’ नवाश्मयुग असे सापडत नाही. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात शेती आली ती तांब्याला बरोबर घेऊनच आली. सावळदा, माळवा, जोर्वे ही त्या संस्कृतींची नावे. त्यांतली जोर्वे संस्कृती साधारण इ. स. पूर्व १४०० च्या सुमारास बहरली. जोर्व्याला तांब्याच्या सहा कुऱ्हाडी एकत्र मिळाल्या. दायमाबादला १९७४ साली तांब्याचा तो प्रसिद्ध रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा निघाले. शाळेच्या पुस्तकात चित्र येते ते या रथाचे. पण तांबे दुर्मीळ आणि महाग. रोजच्या कामाला दगडच. कुऱ्हाडीला काळा दगड, आणि विळ्याला गारगोटीच्या जातीच्या दगडाची पाती. त्या पात्यांची करामत तर विचारूच नका! दगडाच्या गाभ्यावर आधी एक कणा तयार करायचा, त्या कण्यावरून पहिले पाते सरळ उतरवायचे, आणि मग त्याच्या मागोमाग एकसारखी, दोन्ही कडा समांतर असलेली पाती एकामागून एक काढत जायची. ती लाकडाच्या खोबणीत डिंकाने बसवली की झाला विळा. पैठण तालुक्यातले आपेगाव, ज्ञानदेवांच्या पूर्वजांचे गाव म्हणून आपण जिथे हात जोडतो, तिथल्या टेकाडात १९७६ च्या उत्खननात हीच ताम्रपाषाणयुगीन वस्ती निघाली. आपेगावच्या खाली गोदावरी जिथे जिथे जाते तिथे ती माणसे गेलीच नसतील असे कोण म्हणेल?

घासण्याचे काम किती कष्टाचे ते अजमावण्यासाठी मी गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एक उद्योग केला. खडीच्या ढिगातून तळहाताएवढा घट्ट काळा दगड घेतला, आमच्या घरामागे पडलेल्या फुटक्या जात्याची तळी उलटी केली, नदीची वाळू आणि तांब्याभर पाणी घेऊन बसलो. पहिल्या तासात दगडाला काही झाले नाही. माझ्या बोटांना मात्र झाले. नंतर लक्षात आले की वाळू बारीक होऊन तिचे काळे पाणी झाले की ती काम करीत नाही, सारखी नवी घालावी लागते. आणि जोर लावण्यापेक्षा लय सांभाळणे महत्त्वाचे. आजी ओसरीवरून पाहत होती. म्हणाली, “आरं, मसाला वाटायलास का दगड?” चार संध्याकाळी मिळून दोन बोटे रुंदीची धार आली. तिने बाभळीची एक फांदी तुटली, हे मी अभिमानाने सांगतो. पूर्ण कुऱ्हाडीला किती दिवस लागले असते याचा हिशेब वाचकांनी करावा. त्यातून मला एक तर्क सुचतो, तो तर्क म्हणूनच घ्यावा. ग्रॅनाइटमध्ये स्फटिकाचे कठीण कण अंगचेच असतात, त्यामुळे बळ्ळारीकडचा खडक स्वतःच कानशीचे काम करतो. आपला बसाल्ट तसा नाही; त्याला बाहेरून वाळू पुरवावी लागते. आपल्याकडे त्या तोडीच्या पन्हळी पडलेले खडक प्रसिद्ध नाहीत, त्याचे एक कारण हे असू शकेल. दुसरे कारण असेही असू शकेल की आपण ते पाहिलेच नाहीत.

याच सुट्टीत मी एका वृद्ध वडार कारागिराकडे जाऊन बसू लागलो. त्यांना मी मामा म्हणतो. त्यांनी आयुष्यभर विहिरींचे दगड फोडले, पाटे-वरवंटे घडविले. “दगडाला शीर असती,” ते म्हणाले, “शीर बघून घाव घालायचा. शीर दिसंना तर दगड वाजवून बघायचा.” सुतकीने टकटक करून, कान देऊन ते सांगत की हा बसेल, हा फुटेल. मी पुस्तकात वाचलेले आघाताचे सारे शास्त्र त्यांच्या मनगटात होते. चांगला दगड वाजतो आणि तडकलेला बद्द बोलतो, हे साडेतीन लाख वर्षांपूर्वी चिरकीला बसलेल्या माणसालाही ठाऊक असणारच. नाहीतर त्याची हातकुऱ्हाड इतकी नेटकी उतरली नसती. आणि हे ज्ञान आपण कोणाच्या नावावर मांडले आहे? कोणाच्याच नाही. टाकारी समाजाचे नावच जाती टाकवण्याच्या धंद्यावरून पडले. विजेची गिरणी आली, जाते ओसरीवरून उकिरड्यावर गेले आणि ती टाकी मुकी झाली. ‘टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही’ ही म्हण आपण भाषणात ठोकून देतो. टाकी मारणाऱ्याचे काय झाले, हे भाषणात येत नाही.

पुण्याजवळील इनामगावच्या उत्खननात (१९६८ ते १९८३) जोर्वे काळातील एक संपूर्ण गाव उलगडले. मधोमध सुखवस्तू शेतकऱ्यांची घरे, आणि कुंभार, सोनार, चुना भाजणारा असे कारागीर गावाच्या पश्चिम कडेला, अशी तेथली मांडणी उत्खनकांनी दाखविली आहे. म्हणजे हाताने घडविणाऱ्याला कडेला बसविण्याची आपली रीत तीन हजार वर्षांची दिसते. मग इतिहासाच्या पुस्तकातही तो कडेलाच राहिला याचे आश्चर्य वाटू नये. आश्चर्य नसले तरी राग यायला हरकत नाही, आणि मला तो येतो. राजाच्या ताम्रपटावर राजाचे नाव असते. दगडी पात्यावर नाव नसते. पण ताम्रपटात राजा खोटे बोलू शकतो. पाते खोटे बोलत नाही. ते कसे काढले, कोठे चुकले, कोठे पुन्हा सुधारले, सारे त्याच्या अंगावर लिहिलेले असते. वाचायला डोळा पाहिजे.

आता मूळ तक्रारीकडे येतो. हा दस्तऐवज आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा होत आहे. जुन्या वस्तीच्या जागेला आपल्याकडे ‘पांढरी’ म्हणतात. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंती यांनी तेथली माती पांढुरकी झालेली असते. ही माती माळवदावर घालायला उत्तम, शेतात टाकायलाही चांगली. म्हणून ती पूर्वी गाडीने जात असे आणि आता ट्रॅक्टरने, जेसीबीने जाते. बैलगाडी होती तेव्हा टेकाड झिजायला दोन पिढ्या लागत. आता आठवडा पुरतो. नदीची तर गोष्टच नको. गोदावरीच्या पात्रातून वाळूचे उपसे कसे होतात हे काठच्या प्रत्येक पोराला माहीत आहे. लोक बोलतात ते पाणी आटल्याबद्दल आणि विहिरी कोरड्या पडल्याबद्दल, आणि ते रास्तच आहे. पण त्या वाळूखालच्या आणि काठच्या जुन्या थरांतच मुंगीचा तो छिलका होता. त्या थरांत आणखी काय होते, ते आता कोठल्या तरी इमारतीच्या खांबात पक्के बसले आहे. जायकवाडीचा डावा कालवा आपल्या तालुक्यातून गेला, तेव्हा मैलोगणती जमीन खोल कापली गेली. कालव्याने शेतकऱ्याला पाणी दिले, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण कापलेल्या त्या मातीच्या भिंती कोणी निरखल्या असत्या तर किती लाख वर्षांचे पुस्तक उघडे पडले होते!

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मी हलका मानत नाही. दुष्काळाने पोळलेल्या तालुक्यात, जिथे पोरे शिकून बेकार बसतात, तिथे या दगडांचे कौतुक कशाला? याने भाकरी मिळणार आहे का? नाही मिळणार. पण मग सातवाहनांच्या सनावळीने मिळते का? आपण कला शाखेचे विद्यार्थी तीन वर्षे जे शिकतो त्यातले काहीच तात्काळ चुलीवर चढत नाही. प्रश्न एवढाच की जे शिकायचे ते पुण्या-मुंबईहून छापून आलेले शिकायचे, की आपल्या बांधावर उभे राहूनही काही शिकायचे. मराठवाडा मागासलेला आहे असे आपणच उठता-बसता म्हणतो आणि मग संतांची नावे घेऊन समाधान मानतो. ज्ञान निर्माण करण्याची एक तरी संधी आपल्या पायाखाली आहे, तिला खर्च फारसा नाही, ती मात्र आपण सोडून देतो.

उलट बाजूचाही धोका सांगितला पाहिजे. ‘आमचे पूर्वज लाखो वर्षांपूर्वी हत्यारे बनवीत’ अशी छाती फुगवून भाषणे करण्यासाठी जर कोणी या दगडांचा उपयोग करणार असेल, तर ते पांढरीतच राहिलेले बरे. ती माणसे कोणती भाषा बोलत हे कोणाला सांगता येत नाही. त्यांची जात नव्हती, झेंडा नव्हता. त्यांच्यावर हक्क सांगण्याचा अधिकार कोणत्याही एका गटाला नाही. त्यांच्याकडून शिकण्याचा सर्वांना आहे.

आणि उत्साही मित्रांनाही एक विनंती. प्रत्येक चमकदार गारगोटी हत्यार नसते. नदी दगडाला गोल करते, नांगराचा फाळ दगडाचा कपचा उडवतो, खडी केंद्रावर तर छिलक्यांचे डोंगर असतात आणि त्या छिलक्यांवरही आघाताचा फुगवटा आणि तरंगरेषा दिसतात. माणसाने हेतुपूर्वक घडविलेल्या तुकड्यावर घावांची एक संगती असते. ती ओळखायला शंभर खरे आणि शंभर खोटे तुकडे हाताखालून जावे लागतात. शिवाय सापडलेला तुकडा खिशात घातला की त्याचे निम्मे मोल संपते. तो कोठे, किती खोल, कशाबरोबर होता हेच तर त्याचे बोलणे! खिशातला दगड मुका होतो. पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे हे तर आहेच. पण कायद्याच्या भीतीपेक्षा ही समज अधिक उपयोगी पडेल.

तेव्हा करायचे काय? मोठ्या उत्खननाची भाषा मी करीत नाही. ते प्रशिक्षित माणसांचे काम आणि परवानगीवाचून करूही नये. पण राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले शिबिर दर वर्षी सात दिवस एखाद्या गावात असते. आपण झाडू मारतो, शोषखड्डे खणतो, रात्री एकपात्री प्रयोग करतो. त्यांतला एकच दिवस गावाच्या पांढरीला द्यावा. म्हाताऱ्या माणसांना विचारावे की जुने गाव कोठे होते, माती कोठून आणीत, विहीर खणताना काय निघाले. त्या गावात दगडाचे काम करणारे कोणी हयात असतील तर त्यांना शिबिरात पाहुणे म्हणून बोलवावे आणि व्यासपीठावर बसविण्याऐवजी त्यांच्यापुढे दगड ठेवावा. भूगोलाच्या प्राध्यापकांनी नकाशा करून द्यावा, मराठी विभागाने दगडकामाचे शब्द टिपून घ्यावेत. मामांच्या तोंडचे निम्मे शब्द मला कोठल्याही शब्दकोशात मिळाले नाहीत. इतिहास विभागाने दर वर्षी तयार झालेली नोंद राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आणि छत्रपती संभाजीनगरच्या आपल्या विद्यापीठाकडे पाठवावी. तिकडून उत्तर आले तर उत्तम, न आले तरी पुढच्या वर्षी पुन्हा पाठवावी.

सुरुवात म्हणून एक दोनशे पानी वही घालून ती इतिहास विभागाच्या काचेच्या कपाटात, नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी ठेवली आहे. रकाने आखलेले आहेत: गाव, गट नंबर, जागा पांढरी की नदीकाठ की कालव्याचा काठ, काय दिसले, किती खोलीवर, कोणी पाहिले, तारीख. फोटो काढताना शेजारी पट्टी किंवा निदान एक नाणे ठेवावे, म्हणजे आकार कळतो. पहिली नोंद माझी आहे: गोदाकाठचे एक शेत, नांगरटीनंतर वर आलेले गारगोटीचे एक पाते, करंगळीएवढे, दोन्ही कडा समांतर. गावाचे नाव वहीत आहे, येथे मुद्दाम देत नाही, कारण गुप्तधनाच्या आशेने रात्री कुदळी घेऊन फिरणारी मंडळीही वार्षिकांक वाचतात. पाते जिथे होते तिथेच ठेवले आहे. दुसरी ओळ अजून कोरी आहे. कपाटाची किल्ली विभागाच्या शिपाईमामांकडे असते आणि ते मधल्या सुट्टीनंतर हमखास भेटतात.